साडेसत्तावीस सेंटिमीटर

आमच्या कराडच्या घरात न्हाणीघराच्या दाराला चार वर्षं आतून कडी लागली नाही. आई आंघोळीला गेली की बाबा बाहेर पेपर घेऊन बसायचे. तांब्याचा आवाज येत असेतोवर पेपर वाचायचा, आवाज थांबला की हाक मारायची. आतून "हं" आलं की पुढचं पान. शनिवार-रविवार मी पुण्याहून गेले की ही पाळी माझ्याकडे यायची. ३४ वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, जिच्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वहीतून मान वर काढत नसत, तिला स्वतःच्या घरात आंघोळ करताना दर दोन मिनिटांनी आपण शुद्धीवर आहोत असं कळवावं लागत होतं. तिनं कधी कुरकुर केली नाही. फक्त आंघोळ भराभर उरकायला लागली.

पहिली वेळ २०१५ च्या उन्हाळ्यातली. मंडईत भाजी घेता घेता उभीच्या उभी कोसळली. भाजीवालीनं तोंडावर पाणी मारलं, अर्ध्या मिनिटात आई उठून बसली आणि पिशवीतून सांडलेले टोमॅटो गोळा करायला लागली. भुवईवर चार टाके पडले. ऊन लागलं, असं सगळ्यांनी ठरवलं, तिनंही. दुसऱ्या वेळी नवरात्र चालू होतं, म्हणून उपासाचा अशक्तपणा. तिसऱ्या वेळी ऊनही नव्हतं आणि उपासही नव्हता. जेवून, ताट उचलून ती उठली होती. प्रत्येक पडण्याला आम्ही एक कारण चिकटवायचो आणि पुढचं पडणं ते कारण खोडून टाकायचं. साखर तपासली, हिमोग्लोबिन तपासलं, थायरॉईड तपासलं. मानेचे मणके झिजलेत म्हणून सहा महिने गळ्यात पट्टा घालून झाला. साठी ओलांडलेल्या कुणाच्याही मानेचा एक्स-रे काढला तर मणके थोडेफार झिजलेले दिसणारच, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

शुद्ध जाण्याला मराठीत शब्द थोडे नाहीत. चक्कर, भोवळ, घेरी, झीट, तिरीमिरी, अंधारी, मूर्च्छा. माझी आजी हे शब्द नेमके वापरायची. तिरीमिरी आली म्हणजे भिंतीला हात लावून सावरता आलं. घेरी आली म्हणजे घर फिरलं. झीट आली म्हणजे माणूस पडलंच. आम्ही मात्र सगळ्याला चक्कर म्हणतो. कानातल्या बिघाडानं खोली गरगरते ती चक्कर, आणि मेंदूचं रक्त तुटून डोळ्यांपुढे काळोख होतो तीही चक्करच. डॉक्टरकडे गेल्यावर "आईला चक्कर येते" एवढंच आम्ही सांगत राहिलो. त्या एका वाक्यात दहा आजार मावतात.

आणि मग एक नवा शब्द आला. चौथ्या वेळी आई पडली तेव्हा तिचे हात दोन-तीनदा झटकले गेले. घरात पाहुणे होते. कुणीतरी ओरडलं, "फीट आली!" कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाशी धरली. माझ्या आईच्या नाकाशी चप्पल. ती शुद्धीवर आली तेव्हा पहिल्यांदा तिला तीच दिसली, आणि तिनं शांतपणे हातानं ती बाजूला सारली. ते मला आजही बोलता येत नाही. पण त्याहून मोठं नुकसान त्या शब्दानं केलं. दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरला चक्कर म्हणालो नाही, फीट म्हणालो, आणि पुढची दोन-अडीच वर्षं तिथंच ठरून गेली.

मेंदूच्या डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, काढला, एमआरआय काढला. दोन्ही स्वच्छ. तरी "फीट कधी कधी रिपोर्टमध्ये सापडत नाही" म्हणून गोळ्या सुरू झाल्या. ते वाक्य चूक नव्हतं, फक्त आईला लागू नव्हतं. गोळ्यांनी आई पेंगुळलेली राहायला लागली. भाचा पाढे पाठ करत बसला होता, त्याला सतराचा पाढा म्हणून दाखवताना ती सतरा सातीला अडखळली. हसली नाही की रागावली नाही. उठून आत गेली. आणि गोळ्या चालू असतानाही ती पडतच होती. डोस वाढला, तेवढाच फरक.

मेंदूला सात-आठ सेकंद रक्त पोचलं नाही की शुद्ध जाते, आणि त्यानंतर हातपाय झटकू शकतात. ती मिरगी नसते, ती रक्तावाचून राहिलेल्या मेंदूची धडपड असते. दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात आणि ही गल्लत फार जुनी आहे. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स या डॉक्टरनं १८२७ मध्ये एका ६८ वर्षांच्या महसूल अधिकाऱ्याची हकिगत लिहून ठेवली. त्या गृहस्थाला वारंवार झटके यायचे आणि सगळे ते मेंदूचे समजत होते. ॲडम्सला त्याची नाडी मिनिटाला जेमतेम ३० लागली. दुखणं मेंदूत नाही, हृदयात आहे, असं त्यानं मांडलं. १८४६ मध्ये त्याच शहरातल्या विल्यम स्टोक्सनं मंद नाडीचे आणखी रुग्ण नोंदवले, आणि पुढे या झटक्यांना दोघांचंही नाव मिळालं. ईसीजी यायला तेव्हा अजून अर्धं शतक बाकी होतं. त्यांच्याजवळ होतं ते रुग्णाच्या मनगटावर ठेवलेलं बोट.

असं बोट आईच्याही मनगटावर एकदा पडलं होतं. आमच्या शेजारी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स राहतात. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरमावशी म्हणते. त्यांच्याकडे हळदीकुंकवाला आई गेली आणि अंगणातच पडली. मावशींनी ना कांदा आणला ना पाणी. खाली बसून नाडी धरली. संध्याकाळी घरी येऊन त्या बाबांना म्हणाल्या, "बाई पडल्या तेव्हा नाडी नव्हती हो. मी मनात आकडे म्हणत होते. नव्हतीच. मग एकदम धपकन सुरू झाली, आणि बाईंनी डोळे उघडले."

पुढच्या तपासणीला आम्ही हे सांगितलं. उत्तर मिळालं, की गडबडीत भल्याभल्यांना नाडी सापडत नाही. आम्ही गप्प बसलो. चाळीस वर्षं नाड्या मोजलेल्या बाईचं म्हणणं एका वाक्यात निकालात निघालं, आणि ते तसं निघू दिलं यात मीही होते. त्या दिवशी मी आग्रह धरला असता तर आईचं एक वर्ष वाचलं असतं.

२०१८ च्या सुरुवातीला मी तिला पुण्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. पस्तिशीचे असतील. त्यांनी आमची जाडजूड फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, "काकू, चक्कर येते म्हणजे काय होतं? घर फिरतं, की काळोख होतो?"

आई म्हणाली, "काहीच होत नाही. मी उभी असते आणि मग मी खाली असते. मधलं माझ्याकडे नाही."

मधलं माझ्याकडे नाही. तिला हा प्रश्न कुणी आधी विचारलाच नव्हता, म्हणून हे उत्तर आम्हीही पहिल्यांदा ऐकलं. ताप अंगात असतो, दुखतं तेव्हा आपल्याला दुखतं. शुद्ध जाणं ही एकच गोष्ट अशी, की ज्याला होते तोच तिथे नसतो. त्याचा आजार दुसऱ्या कुणीतरी पाहावा लागतो. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न मला केला. "पडताना कुणी पाहिलंय? त्यांच्याशी बोलता येईल?" मी तिथूनच सिस्टरमावशींना फोन लावला. ते दहा मिनिटं बोलले. रंग कसा झाला, डोळे उघडे होते की मिटलेले, किती वेळानं उठल्या, उठल्यावर ओळखलं का. मावशींना सगळं आठवत होतं.

शेवटी ते मला म्हणाले, "पुढच्या वेळी जमलं तर मोबाईलवर शूट करा."

तीन आठवड्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात ते झालं. आई गॅसजवळ उभी होती, ओट्याला धरत धरत खाली घसरली. मी गॅस बंद केला, तिला कुशीवर वळवलं आणि फोन हातात घेतला. ती चित्रफीत ४० सेकंदांची आहे. त्यात आईचा चेहरा पिठासारखा पांढरा आहे. डोळे उघडे, वर गेलेले. उजवा हात तीनदा झटकतो. मग गालांवर रक्त चढतं, लाली येते, आणि ती माझ्याकडे बघून विचारते, "दूध उतू गेलं का?" पडलेल्या आईकडे कॅमेरा धरून उभं राहणं म्हणजे काय, ते सांगायला मला शब्द मिळत नाहीत. हात थरथरल्यामुळे चित्र हलतं आहे. पण डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली आणि म्हणाले, "हे पाहा, उठल्याउठल्या त्यांना दुधाची आठवण आहे. मिरगीनंतर माणूस बराच वेळ भांबावलेला असतो. कुठे आहे, काय चाललंय, कळत नाही. ही फीट नाही." गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात, म्हणून महिन्याभरात उतरवत आणून त्या बंद केल्या. पाढे परत आले.

तरी पुरावा नव्हता. ईसीजी ठीक, इको ठीक. २४ तास ठोके टिपणारं यंत्र, होल्टर, छातीला बांधून फिरली, त्यात काही नाही. टिल्ट टेस्ट झाली. पट्ट्यांनी टेबलाला बांधतात आणि टेबल जवळजवळ उभं करतात, मग जिभेखाली औषध देऊन शुद्ध जाते का ते पाहत थांबतात. आई शेवटपर्यंत टक्क जागी. खाली उतरल्यावर मीच चिडले. म्हटलं, "डॉक्टर, मावशींना नाडी लागली नव्हती, व्हिडिओ तुम्ही पाहिलाय. पेसमेकर बसवून टाका ना. आम्ही पैसे उभे करतो."

ते म्हणाले, "बसवता येईल. उद्याही येईल. पण कशासाठी बसवला ते मला आधी कळलं पाहिजे."

तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं. नंतर मी वाचत गेले तेव्हा त्या वाक्यामागे किती लोकांची फसगत आहे ते कळलं. वारंवार शुद्ध हरपणाऱ्यांना पेसमेकर बसवून पाहण्याचा एक प्रयोग उत्तर अमेरिकेत झाला, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. ५४ रुग्ण, निम्म्यांना पेसमेकर, निम्म्यांना नाही. न बसवलेल्या २७ पैकी १९ जण पुन्हा पडले, बसवलेल्या २७ पैकी फक्त ६. फरक इतका मोठा होता की प्रयोग वेळेआधीच थांबवला. कुणालाही वाटावं, झालं, उपाय सापडला. पण त्याच संशोधकांना एक शंका होती. छातीत यंत्र बसवलंय हे ज्याला माहीत आहे, त्याच्यावर त्या माहितीचाच परिणाम होत असेल तर? म्हणून त्यांनी दुसरा प्रयोग केला, २००३ मध्ये तो छापून आला. या वेळी १०० रुग्ण आणि सगळ्यांनाच यंत्र बसवलं. निम्म्यांचं हृदयाला ठोका देत होतं, निम्म्यांचं नुसतं ऐकत बसलं होतं. कुणाचं कोणतं, रुग्णाला माहीत नाही. सहा महिन्यांत मुक्या यंत्रवाल्यांपैकी सुमारे ४० टक्के पुन्हा पडले आणि चालू यंत्रवाल्यांपैकी ३१ टक्के. एवढा फरक निव्वळ योगायोगानंही पडू शकतो. पहिल्या प्रयोगातल्या यशाचा मोठा वाटा यंत्राचा नव्हता, भरवशाचा होता.

मला या लोकांबद्दल फार आदर वाटतो. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षावर पुन्हा शंका घ्यायची, आणि तो पडला तर तसं छापायचं. ते त्यांनी केलं नसतं तर आमच्यासारखे किती घायकुतीला आलेले लेक-मुलगे डॉक्टरांना "बसवून टाका" म्हणाले असते, आणि बसवलंही गेलं असतं.

मात्र गोष्ट तिथे संपली नाही. शुद्ध जाण्याच्या या प्रकारात दोन गोष्टी घडत असतात. हृदयाला लगाम घालणारी नस, व्हेगस, एकाएकी जोर करते आणि हृदय मंदावतं किंवा थांबतं. त्याच वेळी रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब खाली जातो. कुणाचं हृदय जास्त दगा देतं, कुणाच्या रक्तवाहिन्या. पेसमेकर फक्त हृदयाला ठोका देऊ शकतो, सैल पडलेल्या वाहिन्या त्याला आवळता येत नाहीत. म्हणजे ज्यांचं हृदय खरोखर थांबतं तेवढेच निवडून काढले तर? इटलीच्या मिकेले ब्रिग्नोले यांच्या पुढाकारानं झालेल्या प्रयोगात चाळिशीपुढच्या ५११ रुग्णांच्या कातडीखाली आधी नोंद ठेवणारं यंत्र बसवलं आणि वाट पाहिली. ज्यांचं हृदय थांबल्याची नोंद मिळाली त्यांच्यातल्या ७७ जणांना पेसमेकर बसवले, पुन्हा निम्मे चालू, निम्मे मुके. २०१२ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत मुक्या गटातले ५७ टक्के पुन्हा पडले, चालू गटातले २५ टक्के. या वेळी फरक खरा होता. यंत्र तेच, माणसं निवडण्याची रीत बदलली होती.

आईच्या कातडीखालीही तसलंच नोंदयंत्र, लूप रेकॉर्डर, बसवायचं ठरलं. साडेचार सेंटिमीटर लांब, पेनाच्या टोपणाहून बारीक. छातीच्या मधल्या हाडाच्या डावीकडे जागा बधिर करून दहा मिनिटांत सरकवलं. बॅटरी तीन वर्षांची. ते काही उपचार करत नाही, फक्त लक्ष ठेवतं. मावशींनी धरलेलं बोट आता चोवीस तास आत होतं.

आणि सुरू झाली ती वाट. त्या सात महिन्यांबद्दल मी घरात कुणाशी बोललेले नाही. आधीची तीन वर्षं आई पडू नये म्हणून आम्ही जपत होतो. आता ती पडल्याखेरीज काही कळणार नव्हतं. सकाळी फोन केला की बाबा म्हणायचे, "काल काही नाही," आणि त्यांच्या आवाजात सुटकाही असायची आणि निराशाही. मला देवापाशी काय मागायचं ते समजेना. एकदा दिवा लावताना हात जोडले आणि तसेच ठेवून उभी राहिले, मनात वाक्यच जुळेना. आईनंच ते एका रात्री सोपं केलं. म्हणाली, "गणित सुटत नसेल तर उदाहरण पुन्हा एकदा पाहावं लागतं. येईल ते."

ते नोव्हेंबरात आलं. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यासाठी ती बँकेत रांगेत उभी होती. बाबा सोबत होते. पुढे दोन माणसं असताना ती खाली बसत गेली आणि आडवी झाली. बाबांनी घड्याळ पाहिलं, कुशीवर वळवलं, लोकांना मागे सारलं. ती उठली, पाणी प्यायली, दाखल्यावर सही केली, आणि दोघं घरी आले. त्याच आठवड्यात पुण्याला.

डॉक्टरांनी यंत्रातली नोंद काढून कागदावर छापली. ठोके, ठोके, ठोके, मग जरा लांब लांब ठोके, आणि मग काहीच नाही. ओळीमागून ओळ सरळ रेघ. मग एक ठोका, दुसरा, आणि घाईनं पुढचे. "अकरा सेकंद," ते म्हणाले.

आईनं तो कागद हातात घेतला. विचारलं, "हा कागद सेकंदाला किती सरकतो?"

"पंचवीस मिलिमीटर."

तिनं क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे साडेसत्तावीस सेंटिमीटर. फूटपट्टीपेक्षा थोडं कमी." आणि त्या सरळ रेघेवरून तिनं बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधलं जे तिच्याकडे नव्हतं, ते चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात आलं होतं.

मी खोलीबाहेर जाऊन रडले. भीतीनं नव्हे. सिस्टरमावशींचं खरं होतं म्हणून.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री झोप येईना, तेव्हा मी स्टॉकहोमच्या आर्ने लार्सन यांच्याबद्दल वाचत बसले. १९५८ साली ते ४३ वर्षांचे होते आणि त्यांना स्टोक्स-ॲडम्सचे झटके दिवसाला वीस-तीस वेळा येत होते. म्हणजे दिवसाला वीस-तीस वेळा तो माणूस जात होता आणि परत येत होता, आणि त्यांच्या पत्नी एल्से-मारी ते पाहत होत्या. शरीरात बसवता येईल असा पेसमेकर तेव्हा जगात कुणालाच बसवलेला नव्हता. करोलिन्स्का रुग्णालयातले सर्जन ओके सेनिंग आणि अभियंता रूने एल्मक्विस्ट त्यावर काम करत होते, पण माणसासाठी यंत्र तयार नव्हतं. एल्से-मारी दोघांच्या मागे लागल्या. तयार नाही म्हणता, मग तयार करा. एल्मक्विस्टनी दोन ट्रान्झिस्टरांचं मंडल बांधलं, बॅटरी घातली, आणि बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून त्यात राळ ओतून ते सगळं बंद केलं. ८ ऑक्टोबर १९५८ ला सेनिंगनी ते बसवलं. काही तासांतच बंद पडलं. दुसरं बसवलं. पुढच्या काळात लार्सन यांना वीसहून जास्त यंत्रं लागली. ते २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन, आणि सेनिंग व एल्मक्विस्ट दोघेही त्यांच्या आधी गेले.

एल्मक्विस्ट यांनी त्याआधी शाईच्या बारीक फवाऱ्यानं ईसीजी रेखाटणारं यंत्रही केलं होतं. सरळ रेघ कागदावर दाखवणारा माणूस आणि ती मोडणारा माणूस एकच, हे वाचून मी बराच वेळ थांबले. पण त्या रात्री माझ्या मनात राहिल्या त्या एल्से-मारी. ना डॉक्टर, ना अभियंता. त्यांनी फक्त पाहिलं होतं, आणि पाहिलेलं कुणाला निकालात काढू दिलं नाही.

आईची शस्त्रक्रिया तासाभरात झाली. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली छोटा छेद, शिरेतून दोन तारा हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यात, आणि कातडीखाली ते चपटं यंत्र. भूल फक्त त्या जागेपुरती, त्यामुळे ती आत डॉक्टरांशी बोलत होती. तारा नीट रुजेपर्यंत काही आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नव्हता. त्यामुळे तिला अंबाडा घालता येईना. रजा काढून मी रोज सकाळी तिचे केस विंचरले, अंबाडा घातला. माझ्या वेण्या तिनं दहावीपर्यंत घातल्या होत्या, घट्ट, डोळे ताणले जाईपर्यंत. माझा हात सैल. "अजून आवळ," ती म्हणायची. मोबाईल उजव्या कानाला, इंडक्शनच्या शेगडीवर वाकायचं नाही, विमानतळावर कार्ड दाखवायचं. ब्लाउजची शिवण यंत्रावर घासायची म्हणून शिंप्याकडून डावा खांदा दोन बोटं सरकवून घेतला. एवढंच.

पहिल्या तपासणीला डॉक्टरांनी तिच्या छातीवर चपटी चकती ठेवली आणि पडद्यावर आकडे आले. तीन महिन्यांत यंत्राला एक टक्का ठोकेही द्यावे लागले नव्हते. पण त्या एका टक्क्यात दोन रात्री अशा होत्या, की हृदय थांबलं होतं आणि यंत्रानं ते चालवलं होतं. आई झोपेत होती. तिला पत्ताही नव्हता. ती मान हलवत म्हणाली, "म्हणजे उरलेले नव्याण्णव माझे."

कडीचं कुणी कुणाला काही सांगितलं नाही. मार्चमधल्या एका सकाळी मी चहा गाळत होते आणि आतून लोखंडी कडी सरकल्याचा आवाज आला. बाबा पेपर घेऊन नेहमीच्या जागी बसले होते. ते उठले आणि पुढच्या अंगणात जाऊन बसले. आई त्या दिवशी पाऊण तास आंघोळ करत होती.

सगळं सुटलं असं नाही. वर्षभरानं एका लग्नात, मांडवाच्या उकाड्यात उभं राहून तिला पुन्हा अंधारी आली. पडली नाही. रक्तवाहिन्यांचा भाग शिल्लक आहे, तो शिल्लक राहणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि काय करायचं तेही शिकवलं होतं. पायाला पायाची तिढी घालून मांड्या आवळायच्या, मुठी घट्ट करायच्या, जमेल तिथे आडवं व्हायचं. तिनं मांडवातच खाली बसून घेतलं, जवळच्या मुलीला पाणी आणायला सांगितलं. पूर्वी तिला काळोखाची आगाऊ खबरही मिळायची नाही. आता निदान ती खबर येते, आणि ती आली की काय करायचं ते तिला ठाऊक आहे.

गेल्या वर्षी गल्लीतले एक आजोबा गेले. त्यांनाही पेसमेकर होता. तिरडी बांधायला घेतली तेव्हा सिस्टरमावशींनी विचारलं, "यंत्र काढून घेतलंत का?" कुणाला माहीत नव्हतं. त्यातली लिथियमची बॅटरी चितेच्या आगीत फुटते, म्हणून दहनाआधी ते काढावं लागतं. दवाखान्यातून माणूस बोलावला, अर्धा तास थांबावं लागलं. आई घरी येऊन विचारात होती. काढलेल्याचं काय करतात, म्हणून तिनं मला विचारलं. मी तिला मुंबईतल्या एका कामाबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या अंत्यविधी करणाऱ्या संस्थांनी नातेवाइकांच्या संमतीनं काढून दिलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले होते. एकालाही जंतुसंसर्ग झाला नाही, आणि २०११-१२ च्या सुमारास ते वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आलं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून पेसमेकरचं कार्ड काढलं, पाठीमागची कोरी बाजू वर केली, आणि शाळेत वह्या तपासायची त्या बारीक, सरळ अक्षरात लिहिलं: आधी काढून घेणे. चालत असल्यास गरजूस देणे. लिहून झाल्यावर टेबलाच्या खणातली फूटपट्टी काढली, शब्दांखाली धरली, आणि रेघ मारली.